‘पिशवी सुजलीय, काढून टाका’ असं सांगितलंय. काय करू?

प्रश्न एका शिक्षिका ताईंचा आहे. त्या कोल्हापूरकडच्या, कागलजवळच्या गावातल्या, वय ३९, दोन मुलं, दोन्ही सिझर. चार वर्षांपासून पाळीत खूप जातं. पहिले तीन दिवस रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, कंबर आणि ओटीपोट इतकं दुखतं की फळ्यासमोर उभं राहवत नाही. हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफीत पिशवीचं माप ११.२ सेंटीमीटर लांब आणि खाली शेरा : ‘बल्की युटेरस, अ‍ॅडिनोमायोसिस’. एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं, दुसऱ्यांनी हार्मोनची तांबी सुचवली. सासूबाई म्हणतात, पाळी जायच्या आधी असंच होतं, अंगावर काढायचं. अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असला की करतात ती सीए-१२५ नावाची रक्ततपासणी ८६ आली, तेव्हापासून कॅन्सरच्या भीतीनं झोप नाही. धाकटी बहीण ३१ वर्षांची, लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नाही, आणि आता तिच्याही रिपोर्टात ‘अ‍ॅडिनोमायोसिस’ हाच शब्द आलाय. शेवटी त्यांनी विचारलंय की महिन्याभरावर नवरात्र आहे, नऊ दिवसांचा उपवास चालेल का.

ताई, पिशवीचं बोलण्याआधी तुमच्या हिमोग्लोबिनचं बोलू. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढं असायला हवं. ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. ७.८ वर तुम्ही पहाटे उठून डबे करता, एसटीनं शाळेत जाता, सहा तास उभ्या राहता. शरीरानं हळूहळू सवय करून घेतली म्हणून हे निभतंय. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधड, केस गळणं, खडू किंवा माती खावीशी वाटणं, यातलं काही होत असेल तर ते वयामुळं होत नाहीय. पुढचा कुठलाही उपचार करायचा झाला, अगदी ऑपरेशनच करायचं ठरलं, तरी आधी रक्त भरून काढावं लागेल. म्हणून पहिलं काम या आठवड्यातलंच : लोह शिरेतून घ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचं औषध वजनाप्रमाणं एका वेळी १००० मिलीग्रॅमपर्यंत सलाईनमधून देता येतं, तासाभराचं काम असतं आणि तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. गोळ्यांनी भरपाई होते, पण दर महिन्याला जितकं भरतं त्याहून जास्त वाहून जात असेल तर गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. आपल्याकडं ‘गूळ-शेंगदाणे खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि गुळाच्या गावात तो मिळणारच. खा, चांगलेच आहेत. पण ७.८ चे ११ गुळानं होणार नाहीत. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

आता पिशवी.

मी डॉक्टरकी शिकत होते तेव्हा एकदा सरांनी ऑपरेशन करून काढलेली पिशवी ट्रेमध्ये माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, उभी चीर. गर्भाशय एरवी मुठीएवढं, पेरूसारखं, वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. ही पिशवी चेंडूसारखी गोल झाली होती. चीर दिली तेव्हा आतलं मांस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगून आलं, जणू इतके दिवस दाबून ठेवलं होतं. एरवी दीड-दोन सेंटीमीटरची भिंत चार सेंटीमीटरची झालेली. आणि त्या भिंतीत, वरपासून खालपर्यंत, टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी-काळे ठिपके. सरांनी एक ठिपका चाकूच्या टोकानं उकलला. आत जुनं, घट्ट झालेलं रक्त होतं. ती बाई दर महिन्याला जे सोसत होती ते त्या ठिपक्यांमध्ये साठून राहिलं होतं. बाहेर पाळी येत होती आणि त्याच दिवसांत भिंतीच्या आतही पाळी येत होती.

अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे हेच. गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं, ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं. हे अस्तर आपली हद्द सोडून खालच्या स्नायूत शिरतं, तिथं जागोजागी रुजतं, आणि तिथंही महिन्याच्या महिन्याला फुगतं, रक्ताळतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते. भोवतालचा स्नायू चिडून जाड होतो. पिशवी मोठी होते ती यामुळं. अस्तराचं क्षेत्र वाढल्यानं आणि जाड झालेला स्नायू नीट आवळला न गेल्यानं रक्त जास्त जातं. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त तयार होतात, त्यानं कळा येतात. काहींना संबंधाच्या वेळी दुखतं, काहींना पाळी नसतानाही ओटीपोटात जड वाटतं. आणि शंभरातल्या तीसेक बायकांना काहीच होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत हे सापडतं. त्यांना कसलाही उपचार लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, कारण रिपोर्टातला शब्द पाहून काहीही त्रास नसलेल्या बाईलाही घाबरवलं जातं.

तुमच्या रिपोर्टावर कुणीतरी पेनानं ‘पिशवीला सूज’ असं लिहिलंय, तुम्हीच कळवलंय. हा शब्द आपल्याकडं इतका रुळलाय की काय सांगू. ‘मॅडम, पिशवी सुजलीया म्हणं’, असं म्हणत रोज दोन-तीन बायका समोर बसतात. सूज म्हटलं की जंतू आले, जंतू आले की अँटिबायोटिक आले. चार-चार कोर्स घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये जंतुसंसर्ग नसतो, अँटिबायोटिकनं तो बरा होत नाही. तसंच ‘पिशवी साफ करून घेणं’. क्युरेटिंगनं वरचं अस्तर खरवडलं जातं, एखादा महिना बरं वाटतं. रोग असतो भिंतीत, तिथं ते हत्यार पोचतच नाही. कॅन्सर नाही ना हे बघायला तुकडा घेणं वेगळं, त्याला अर्थ आहे. उपचार म्हणून वर्षात तीनदा क्युरेटिंग करण्याला नाही.

फायब्रॉइडची गाठ आणि हा आजार यांतही लोकांचा गोंधळ होतो, आणि उपचार समजायचा तर हा फरक कळायलाच हवा. तुमच्या घरी शेती असेलच. रताळं जमिनीत असतं तसा फायब्रॉइड असतो. भोवतीची माती मोकळी केली की अख्खा हाती येतो, म्हणून गाठ काढून पिशवी ठेवता येते. अ‍ॅडिनोमायोसिस हरळीसारखा. मुळ्या सगळ्या मातीत पसरलेल्या. तेवढ्याच वेचून काढतो म्हटलं तर माती पण निघून येते. म्हणून ‘मॅडम, रोग काढा आणि पिशवी ठेवा’ या मागणीला मला सरळ हो म्हणता येत नाही. क्वचित हा आजार एकाच जागी गोळा होऊन बसतो, तिथं तेवढा भाग काढायचं ऑपरेशन करतात. पण ते अवघड आहे, सरावलेल्या हातांचं आहे, आणि नंतर दिवस राहिले तर कळांमध्ये तो व्रण फाटण्याचा धोका असतो. ज्यांना मूल हवंच आहे आणि बाकीचे उपाय थकलेत त्यांच्यासाठीच त्याचा विचार करतात. तुमच्यासाठी तो मार्ग नाही.

हा आजार नवा नाही. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं आणि अमेरिकेतल्या थॉमस कलन यांनी १९०८ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तरी पुढची कित्येक दशकं निदान व्हायचं ते पिशवी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच. म्हणजे रोगाचं नाव कळेपर्यंत पिशवी गेलेली असायची. त्यामुळंच ‘हा चाळिशीतल्या, बाळंतपणं झालेल्या बायकांचा आजार’ असा समज पक्का झाला, कारण पिशव्या त्यांच्याच काढल्या जात होत्या. सोनोग्राफी आणि एमआरआय सुधारले तेव्हा विशी-तिशीतल्या मुलींतही हे दिसायला लागलं. बाळंतपणं, सिझर, क्युरेटिंग यांनी अस्तर आणि स्नायू यांच्यामधली सीमा दुखावते आणि तिथून अस्तर आत उतरतं, हे एक कारण मानलं जातं. इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याला खतपाणी घालतं. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत, जड उचललंत, पाळीत डोक्यावरून पाणी घेतलंत, म्हणून हे झालेलं नाही.

सोनोग्राफीबद्दल एक. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’ एवढं कळतं, आणि बल्की हे फक्त माप आहे, ते रोगाचं नाव नव्हे. दोन-तीन बाळंतपणांनंतर पिशवी थोडी मोठी राहतेच. अ‍ॅडिनोमायोसिस नीट दिसतो तो आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत : पुढची आणि मागची भिंत कमी-जास्त जाड, स्नायूत बारीक पाण्याचे फुगे, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या, अस्तराची कडा पुसट. गावाकडच्या बायका या तपासणीला लाजतात, नको म्हणतात. बाई डॉक्टर मागून घ्या, पण तपासणी करून घ्या. शंका राहिली, फायब्रॉइडही सोबत असला किंवा मूल हवं असलं तर एमआरआय. सगळ्यांना त्याची गरज नसते, आणि तुम्हाला आता तरी नाही.

कॅन्सरचं बोलू, कारण तुमची झोप त्यानंच उडालीय. अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे कॅन्सर नाही. त्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अतिशय दुर्मीळ आहे, त्या भीतीपोटी कुणी पिशवी काढायची नसते. सीए-१२५ साधारण ३५ पर्यंत असावं म्हणतात, पण ते अ‍ॅडिनोमायोसिस, एंडोमेट्रिओसिस (हेच अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार), अगदी नुसत्या पाळीच्या दिवसांतही वाढतं. अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल तर त्या आकड्याला अर्थ. तुमच्या रिपोर्टात दोन्ही अंडाशयं नॉर्मल लिहिली आहेत. मग ही तपासणी करायलाच नको होती असं माझं मत आहे. आता केलीय, तर त्या ८६ ला घाबरू नका, आणि तो आकडा कमी झाला का हे बघायला दर महिन्याला रक्तही देत बसू नका. मात्र अस्तराचा तुकडा एकदा तपासून घ्या. पंचेचाळिशीनंतर जास्त रक्त जात असेल तर तो घ्यायलाच हवा. वजन जास्त, मधुमेह, वर्षानुवर्षं अनियमित पाळी असं काही असेल तर त्याआधीही. चार वर्षं जात असेल तर मी चाळिशीच्या आसपासही घेते. बारीक नळीनं ओपीडीत दोन मिनिटांत होतो, भूल लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी करतात ती पॅप तपासणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी उरकेल.

उपचाराचं गणित चार गोष्टींवर बसतं : त्रास किती, वय किती, मूल हवंय का, आणि पाळी जायला किती वर्षं उरलीत. सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यात पाचवा येतो. हा आजार इस्ट्रोजेनवर जगतो, पाळी गेली की तो आपोआप निवळतो. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. तुम्ही ३९ च्या आहात, म्हणजे सात-आठ वर्षं काढायची आहेत. सासूबाई म्हणतात ते शेवटी खरंच आहे, पाळी गेल्यावर हे थांबेल. पण सात वर्षं ७.८ वर काढायची नाहीत. दुखणं अंगावर काढण्याला आपल्याकडं मोठेपणा समजतात. त्या मोठेपणापायी हिमोग्लोबिन ४ वर आलेल्या बायकांना मी मध्यरात्री रक्त चढवलंय.

साध्या औषधांपासून सुरुवात करू. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या जास्त जाण्याच्या तीन-चार दिवसांतच घ्यायच्या, त्यानं रक्त बऱ्यापैकी कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल त्यांनी घ्यायच्या नाहीत. दुखण्यासाठी मेफेनामिक अ‍ॅसिड किंवा नॅप्रोक्सेन, जेवून, आणि कळ सुरू होताच. असह्य होईपर्यंत थांबलात तर गोळी उशिरा पोचते. पित्ताचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मेफेनामिकनं क्वचित अंगावर तीव्र पुरळ आणि ताप येऊ शकतो, भारताच्या औषध सुरक्षा यंत्रणेनं २०२३ च्या अखेरीस तशी सूचनाही काढली होती. तसं झालं तर गोळी तिथंच थांबवायची. ही औषधं त्रास कमी करतात, रोगाला हात लावत नाहीत. तुमच्या इतक्या त्रासाला ती एकटी पुरणार नाहीत. पण पुढचा उपाय लागू पडेपर्यंतचे दोन-तीन महिने ती हाताशी हवीत.

तुम्हाला मी सुचवेन तो उपाय तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलाय तोच. त्याला सगळे ‘हार्मोनची तांबी’ म्हणतात, आणि या नावानंच घोटाळा होतो. त्यात तांबं नाही. तांब्याच्या तांबीनं पाळी वाढते, हे बायकांना ठाऊक असतं, म्हणून नाव ऐकूनच त्या मान हलवतात. ही इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची छोटी वस्तू आहे, तिच्यात ५२ मिलीग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम पिशवीच्या आतच झिरपतं. अस्तर पातळ राहतं, रक्त कमी जातं, कळा कमी होतात. हार्मोन जिथं हवं तिथंच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं. मिरेना हे नाव तुम्ही ऐकलं असेल, भारतात बनणारी स्वस्त पर्यायी नावंही आहेत. जास्त रक्त जाण्यासाठी पाच वर्षं चालते. म्हणजे ४४ पर्यंत एक, मग गरज पडली तर दुसरी, आणि तुम्ही पाळी जायच्या वयाला पोचाल.

आता जे बसवताना सांगितलं जात नाही आणि ज्यामुळं बायका दुसऱ्याच महिन्यात ‘काढा ती’ म्हणत येतात, ते नीट ऐका. पहिले तीन, कधी सहा महिने थेंब-थेंब, डागाडागानं, अधूनमधून जात राहतं. थोडंच असतं, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस असू शकतं. घरात देवधर्म, सोवळं-ओवळं पाळत असाल तर या डागांचा मनस्ताप रक्तापेक्षा जास्त होतो, हे मी खूप जणींकडून ऐकलंय. त्यासाठी आधीच घरच्यांशी बोलून ठेवा. सहा महिन्यांनंतर बहुतेकींची पाळी अगदी थोडी होते, काहींची बंदच होते. पाळी बंद झाली म्हणजे रक्त आत साठतंय असं नाही. अस्तरच तयार होत नाही, तर साठणार काय? दुसरी गोष्ट, पिशवी मोठी असेल तर तांबी निसटून पडू शकते. तुमची ११ सेंटीमीटरची आहे, म्हणजे मध्यम. मला इथं बसवायला हरकत वाटत नाही, मात्र सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत जागा बघून घ्यायची. याहून मोठी पिशवी असती तर आधी दोन-तीन महिने ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं देऊन ती लहान केली असती. ती इंजेक्शनं इस्ट्रोजेन पार खाली आणतात, पिशवी आकसते, पण अंगातून वाफा निघतात, हाडं कमजोर होतात, म्हणून सहसा सहा महिन्यांपुढं देत नाहीत. आणि थांबवली की आजार परत मूळपदावर.

तांबी नकोच असेल तर डायनोजेस्टची २ मिलीग्रॅमची गोळी, रोज एक, ठरलेल्या वेळी. दुखण्यावर ती फार छान काम करते. तिच्यानंही सुरुवातीचे महिने अवेळी जातं, कधी जास्तही जातं. म्हणून ७.८ वर मी ती सुरू करणार नाही, आधी रक्त वाढवेन. काही जणींना तिच्यानं उदास वाटतं, ते घरच्यांनाही सांगून ठेवायला हवं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा किंवा अल्ट्रासाउंडच्या उष्णतेनं तो भाग जाळण्याचा उपचार मोठ्या शहरांत होतो. तुमच्यासाठी तिथवर जायची वेळ आलेली नाही.

आणि पिशवी काढणं. मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही. आजार मुळापासून संपवणारा तो एकच उपाय आहे, आणि योग्य बाईला योग्य वेळी केला तर तिचं आयुष्य बदलतं. औषधं, तांबी नेटानं करून बघितली, रक्त थांबत नाही, पंचेचाळिशी जवळ आलीय, रोज दुखतंय, अशा बाईला मी स्वतः काढायला सांगते आणि तिनं पुढच्या भेटीत ‘आधीच का नाही सांगितलंत’ म्हणावं असंही झालंय. राग येतो तो एका वाक्याचा : ‘मुलं झाली ना, मग पिशवी कशाला ठेवायची?’ हे वाक्य नवरा म्हणतो, शेजारीण म्हणते, आणि आमच्यातलेही काही जण म्हणतात.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. त्यातल्या किती तरी जणी हंगामात आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडांवर कोयता घेऊन येतात, पहाटे थंडीत ट्रॉली भरतात. पाळीत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, म्हणून तिशीच्या आत पिशवी गेलेल्या बायका. त्यांना तांबी, गोळी, लोह यातलं काही कुणी आधी देऊ केलं होतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणून ताई, ‘आधी दुसरा उपाय करून बघू का?’ असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. तो तुमचा हक्क आहे.

उद्या खरंच काढायची वेळ आली तर एकच गोष्ट आधी स्पष्ट विचारा : अंडाशयं ठेवणार ना? ‘पिशवी काढली’ एवढंच घरी सांगितलं जातं, आणि कागद बघितला की दोन्ही अंडाशयंही गेलेली असतात. चाळिशीत ती काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अ‍ॅडिनोमायोसिस अंडाशयात नसतो. ती चांगली असतील तर राहू द्यावीत, गर्भनलिका मात्र काढाव्यात, त्यानं पुढं अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. दोन सिझर झाल्यामुळं मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं, म्हणून दुर्बिणीतून की पोट उघडून हे सरावाच्या सर्जनला ठरवू द्या. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवा, वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे, आणि जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

आता बहिणीचं. तिच्यावरून माझी एक जुनी चूक आठवते, ती सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत इचलकरंजीहून एक मुलगी यायची, २२ वर्षांची, पाळीत उलट्या होईपर्यंत दुखायचं. मी तिला म्हटलं, लग्न झालं, मूल झालं की थांबेल. माझ्या आधीच्यांनी म्हटलं तेच मी म्हटलं. सात वर्षांनी ती मूल होत नाही म्हणून आली. आतून सोनोग्राफी केली तर मागची भिंत जाड, पंख्यासारख्या सावल्या. मधली सात वर्षं तिनं माझ्या शब्दावर सोसली होती. तेव्हापासून शाळा-कॉलेज बुडवणारं दुखणं घेऊन आलेल्या मुलीला मी ‘होतं असं’ म्हणत नाही.

अ‍ॅडिनोमायोसिस असला तरी दिवस राहतात, कित्येकींना आपसूक राहतात. पण गर्भ रुजायला अडचण येते, गर्भपाताचं आणि कमी दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण वाढतं. तिला माझा उपाय चालणार नाही : तांबी आणि डायनोजेस्ट दोन्हींनी दिवस राहायला अडथळा येतो. ती ३१ ची आहे, पाच वर्षं गेलीत, अजून ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको. नवऱ्याची वीर्यतपासणी आधी, ती पन्नास टक्के घरांत राहून जाते असा माझा अनुभव. मग तिची एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते. टेस्ट ट्यूबपर्यंत गेलं तर गर्भ तयार करून गोठवून ठेवायचा, दोन-तीन महिने ल्युप्रोलाइडनं पिशवी शांत करायची आणि मग सोडायचा, असं बरेच तज्ज्ञ करतात. आणि कुणी तिच्यासमोर ‘पिशवीच खराब आहे’ म्हणालं तर तिला तिथून उठायला सांगा.

तोवर तुम्ही एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी किती पॅड पूर्ण भिजले ते लिहा, रुपयाच्या नाण्याहून मोठी गाठ पडली तर फुली, दुखणं दहापैकी किती ते शेजारी. तीन महिन्यांनी तो कागद कोणत्याही रिपोर्टापेक्षा मला जास्त सांगेल. आणि तासाला एक पॅड असे दोन तास लागोपाठ भिजले, चक्कर आली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, तर कॅलेंडर सोडा आणि सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

नवरात्राचं. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला येतात, मेडिकलमधून परस्पर घेणाऱ्या त्याहून जास्त. तुम्ही या वर्षी परस्पर काही घेऊ नका. या गोळ्या बंद केल्यावर साठलेलं अस्तर एकदम सुटतं, आणि तुमच्याकडं तेवढं रक्त घालवायला नाही. नऊ दिवसांचा उपवासही या वर्षी नको. उठता-बसता करा, पहिला दिवस आणि शेवटचा, त्यातही राजगिरा, खजूर, दूध पोटभर. अंबाबाईच्या दर्शनाला भर गर्दीच्या दिवशी रांगेत तीन तास उभं राहू नका. लोह घेतल्यावर, कोजागिरी झाली की एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी लवकर जा. आणि त्याच दिवशी जाता-जाता हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या.